परकी चव आणि लालबागचा मसाला

सोया सॉस, फिलिपिनी आदोबो इत्यादि परक्या चवी मराठी स्वयंपाकघरांत शिरल्या, म्हणजे आपली चव भ्रष्ट झाली, असा आक्षेप कित्येक घेतात. आमचें मत निराळें आहे. लालबागच्या मसाला बाजारांत पोत्यांनीं विकली जाणारी मिरची तरी मूळची कोठली? ती अमेरिकेंतली, पोर्तुगीजांबरोबर इकडे आली, आणि आज तिजवांचून मालवणी मसाला होत नाहीं. आदोबोंत मांस शिरका, लसूण व मिरीं यांत शिजवितात. आंबटाची ही योजना कोकम वापरणाऱ्या घरास अगदींच अपरिचित नाहीं. दोष परकेपणाचा नसून अविचाराचा आहे. सोया सॉस मुळांतच खारट. त्यावर संवयीनें मीठ घालावें आणि बिघडलेल्या पदार्थाचें खापर परदेशावर फोडावें, हें न्याय्य नव्हे. आधीं थेंबभर चाखावें, मग मिठाला हात लावावा.