जुजबंदी आणि चित्रकलेचे शिक्षक

एखाद्या योजनेवर हरताळ फासला गेला, किंवा ती बासनात गुंडाळली गेली, असे आपण नित्य म्हणतो. परंतु हरताळ हा पोथी लिहिणाराच्या हाताशी असलेला पिवळा खनिज रंग होता, चुकलेल्या अक्षरावर त्याचा लेप देऊन व तो वाळू देऊन त्यावरच शुद्ध अक्षर लिहिण्याचा प्रघात होता, आणि बासन हे ती पोथी धुळीपासून व कसरीपासून राखण्याचे वस्त्र होते, हे बोलणारांपैकी फारच थोड्यांच्या ध्यानी असते. जे दुरुस्तीचे साधन ते नाशाचे आणि जे रक्षणाचे ते विस्मृतीचे वाचक झाले, यातच ग्रंथ हाताने घडविण्याच्या कलेची आजची अवस्था सूचित होते. शब्द भाषेत राहिले, पण हात मात्र ती विद्या विसरला. आणि मुलांच्या हाती ती पुन्हा देण्याचे काम ज्याच्याकडे स्वाभाविकपणे यावे, त्या चित्रकलेच्या शिक्षकाला ती कोणी शिकविली आहे काय, हा या लेखाचा विषय आहे.

आपल्या प्रांतात चित्रकलेच्या अध्यापनाची परंपरा दुबळी नाही. मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय १८५७ पासूनचे, एलिमेंटरी व इंटरमीजिएट या परीक्षांना बसलेला विद्यार्थी नाही असे गाव विरळाच, ए.टी.डी. व ए.एम. या पदविका घेतलेले शिक्षक शाळोशाळी आहेत. पण या सर्व शिक्षणाचा डोळा कागदाच्या पृष्ठभागावर आहे. कागदावर काय काढावे हे तेथे शिकवितात. कागद स्वतः काय आहे, तो घडी कोठे घेतो व कोठे नाकारतो, याची चौकशी सहसा होत नाही. वहीबांधणी ही ‘कार्यानुभवा’ची बाब ठरली, आणि कार्यानुभव ही गुणपत्रिकेतील शेवटची ओळ. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असलेल्या शाळेसाठी कला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण यांकरिता अंशकालीन निदेशकाची तरतूद केली. ज्याची नेमणूकच अंशकालीन, त्याने पूर्णकाळ मागणारी कारागिरी आत्मसात करावी ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी पन्नास तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. तास झाले; त्यांत काय भरावयाचे हा प्रश्न उरला.

त्याचा मासला मी एका प्रशिक्षणवर्गात पाहिला. सकाळचा बराच वेळ स्वागतात व पडद्यावरील चित्रफितींत गेला. मग प्रत्येक शिक्षकापुढे पुठ्ठ्याचे दोन तुकडे, गिफ्ट पेपर, फेव्हिकॉलची बाटली आणि टिकल्या ठेवण्यात आल्या, आणि दुपारपर्यंत चाळीसेक ‘हस्तनिर्मित पुस्तके’ टेबलावर ओळीने मांडून त्यांची छायाचित्रे घेण्यात आली. चार वाजता त्यांतील निम्म्या पुस्तकांची कव्हरे उन्हातल्या पापडासारखी वळली होती. कारण साधे होते. यंत्राच्या कागदात तंतूंची एक ठराविक दिशा असते. त्या दिशेने तो सरळ फाटतो, आडवा फाडला तर वाकडातिकडा जातो. ओल लागली की तो या तंतूंच्या आडव्या अंगाने फुगतो आणि सुकताना पुठ्ठ्याला ओढतो. पुठ्ठा, वरचा कागद व आतला कागद या तिघांची दिशा कण्याला समांतर ठेवावी, हा नियम पेठेतील कोणताही बाइंडर झोपेतही मोडणार नाही. त्या सभागृहात तो सांगणारा कोणी नव्हता, कारण बाइंडरला बोलावण्याची तजवीज कोणाच्या मनातच आली नव्हती.

वर्गाचा दुसरा प्रकार अधिक सुसंस्कृत, म्हणूनच अधिक फसवा आहे. त्यात पाठीच्या कडेने चार भोके पाडून केलेली जपानी शिलाई शिकवितात. ती शिलाई सुंदर आहे याविषयी वाद नाही. पण ती जन्मली ती पातळ, मऊ, एका अंगानेच लिहिलेल्या व दुमडलेल्या कागदासाठी. तिने जाड ड्रॉइंग पेपर शिवला की वही उघडून सपाट बसत नाही. मूल चित्र काढू लागले की पान परत मिटते, आणि डाव्या हाताने ती दाबून धरता धरता चित्राचा रस संपतो. परदेशी तंत्र घेऊ नये असे मी म्हणत नाही. ते कोणत्या कागदाच्या गरजेतून आले हे न सांगता केवळ नमुना म्हणून देणे, ही मात्र शिक्षणाची नव्हे, फॅशनची रीत होय.

सपाट उघडणाऱ्या वहीचे उत्तर आपल्या दप्तरखान्यांत व बाजारात केव्हाचे आहे. ताव दुमडून एकात एक घालून जुज करावा, प्रत्येक जुजाच्या घडीत दाभणाने भोके पाडावीत, मेण लावलेला दोरा आतून बाहेर व बाहेरून आत नेत फितीभोवती फिरवावा, आणि शेवटच्या भोकाशी मागच्या जुजाच्या टाक्यात गुंतवून पुढच्या जुजाकडे वळावे, ही जुजबंदी. तिच्यात दोरा पानाला नव्हे, घडीला धरतो. म्हणून पान मोकळे राहते. कण्याला लावावयाची मैद्याची खळ घरी शिजविता येते. बाइंडर तिच्यात किडीसाठी मोरचूद घालतात, तो विषारी असल्याने शाळेत वापरू नये, एवढे भान शिक्षकाने ठेवले म्हणजे झाले.

आणि शिवणच नसलेल्या पुस्तकाचे काय? सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी सुटी चित्रे पाठीला पाठ चिकटवून ठेवतात, एका कथेची अशी पाने एकत्र बांधली की तिला पोथी म्हणतात, आणि गायन चालू असता एकेक पान उचलून दाखविले की पाठीवरचा पुढचा प्रसंग आपोआप हाताशी येतो. पान उलटणे म्हणजे कथेचे वळण, हे ग्रंथकलेचे मर्म याहून स्वच्छ मला कोठे आढळले नाही. याच पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा चित्रकथीचे नाव वृत्तपत्रांत आले, परंतु प्रशिक्षणवर्गांत ती आजही ‘लोककलेचा नमुना’ म्हणून पृष्ठभागापुरती गिरविली जाते. रेषा उतरवितात, पोथीची रचना सोडून देतात.

कागदाचीही तीच कथा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची हातकागदाची परंपरा जुनी. पुण्याच्या हातकागद संस्थेचा आरंभ १९४० चा. १९३७ च्या वर्धा परिषदेपासून हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार देशापुढे आहे. हाताने उचललेल्या लगद्यात तंतू चहूकडे पसरतात, म्हणून त्या कागदाला ठळक दिशा नसते आणि शिकाऊ हाताला तो पुष्कळ क्षमा करतो. तरीही खरेदीच्या यादीत गिफ्ट पेपर असतो, कारण तो चकाकतो.

माझे मत असे की, चित्रकलेच्या शिक्षकांत बुद्धी किंवा आस्था उणी नाही. उणी आहे ती तालीम देणारांची निवड. एक वही सुबक शिवण्यास दोन तास पुरतात, पण हात वळण्यास दहा वह्या शिवाव्या लागतात, आणि दहावी वहीच शिकविते. म्हणून शिक्षणखात्याला विनंती आहे की, पन्नासांपैकी निदान वीस तास सलगपणे या एकाच कामाला द्यावेत, ते सभागृहात न घालविता बाइंडरच्या दुकानात घालवावेत, त्याला मानधन द्यावे, आणि हजेरीपटावर त्याचे नाव ‘साहाय्यक’ या रकान्यात न लिहिता ‘शिक्षक’ या रकान्यात लिहावे.