धर्माचा अभ्यास की धर्माचे पाठांतर?

माध्यमिक शाळेत धर्म शिकवावा काय, हा वाद आपल्याकडे दोन गटांत चालतो. प्रस्थापितांना मूल्यशिक्षणाच्या नावाखाली धर्म वर्गात आणायचा असतो, तर पुरोगाम्यांना तो शाळेच्या फाटकाबाहेर ठेवायचा असतो. ज्यांच्या पूर्वजांना धर्माच्याच आधाराने विद्येपासून दूर ठेवले गेले, त्या मुलांनी शाळेत धर्माविषयी काय शिकावे, हा प्रश्न मात्र दोन्ही गटांच्या चर्चेत येत नाही. माझ्या मते मूळ प्रश्न तोच आहे.

मे २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध झाला. त्यातील मूल्यशिक्षणाच्या प्रकरणाच्या आरंभी मनुस्मृतीतला एक श्लोक होता. शिवाय मनाचे श्लोक आणि गीतेचा बारावा अध्याय यांचे पाठांतर सुचवले होते. निषेध झाला, महाडला पुन्हा मनुस्मृतीदहनाचा कार्यक्रम झाला, आणि शाळांतून मनुस्मृती शिकवली जाणार नाही, असे तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी जाहीर केले. वाद तिथे थांबला. परंतु ज्या दृष्टीतून तो श्लोक तिथे आला, त्या दृष्टीची चिकित्सा राहूनच गेली.

श्लोकाचे समर्थन करणारे म्हणत होते की, त्यात वाईट काय आहे? थोरांना नित्य वंदन करणाऱ्याचे आयुष्य, विद्या, यश आणि बळ वाढते, एवढेच तर तो सांगतो. हा युक्तिवाद आपण गंभीरपणे तपासला पाहिजे. हा श्लोक दुसऱ्या अध्यायातील १२१वा. आता त्याच अध्यायात थोडे पुढे वाचा. १२७व्या श्लोकात भेटलेल्या माणसाची विचारपूस कोणत्या शब्दाने करावी हे वर्णानुसार ठरवून दिले आहे. ब्राह्मणाला एक शब्द, शूद्राला दुसरा. १३५व्या श्लोकानुसार दहा वर्षांचा ब्राह्मण आणि शंभर वर्षांचा क्षत्रिय यांचे नाते पिता-पुत्राचे, आणि त्यात पिता तो दहा वर्षांचा मुलगा. शूद्राला मान मिळायचा तो वयाची नव्वदी ओलांडल्यावर. अस्पृश्य तर या हिशेबात कुठेच नाही. म्हणजे ज्या ‘थोरां’ना वंदन करायचे ते थोर कोण, हे त्या ग्रंथाने अवघ्या चौदा श्लोकांत स्पष्ट केले आहे. संदर्भ तोडून एक श्लोक उचलायचा आणि त्याला सार्वकालिक मूल्य म्हणायचे, ही सांस्कृतिक वर्चस्वाची जुनी रीत होय.

मग हे श्लोक शाळेत आणूच नयेत काय? माझे उत्तर वेगळे आहे. नववीच्या वर्गात १२१ आणि १३५ हे दोन्ही श्लोक अर्थासह शेजारी शेजारी ठेवा. त्यांच्यापुढे २५ डिसेंबर १९२७ चे महाड ठेवा. आणि मुलांना विचारा, हा ग्रंथ का जाळला गेला? हा धर्माचा अभ्यास होईल. पहिलाच श्लोक फळ्यावर लिहून हात जोडायला लावणे हे पाठांतर आहे.

हा भेद बाबासाहेबांनीच करून ठेवला आहे. ७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत धार्मिक शिक्षणाच्या कलमावर बोलताना त्यांनी धर्ममताची शिकवण आणि धर्माचा अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे सांगितले. सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळेत त्यांचा विरोध होता तो पहिल्या गोष्टीला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) हाच भेद मानला. सर्वोच्च न्यायालयानेही २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात धर्मांविषयीचे शिक्षण घटनाविरोधी ठरवले नाही. परंतु कागदावरचा भेद वर्गात टिकतो का, हे कोण पाहणार?

संविधानाच्या २८व्या कलमाप्रमाणे पूर्णतः सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सामील करायचे तर पालकाची संमती लागते. महाराष्ट्रातील बहुतेक माध्यमिक शाळा खाजगी संस्थांच्या आणि अनुदानित आहेत, म्हणून हे दुसरे कलमच आपल्या कामाचे. मी अशाच एका शाळेत शिकलो. रोज सकाळी श्लोक होत, सरस्वतीपूजनाला वर्गणी द्यावी लागे. माझे वडील अंगठा उठवणारे. त्यांची संमती कोणी कधी विचारली नाही, आणि असा काही हक्क आपल्याला आहे हे त्यांना कोणी सांगितलेही नाही.

आज मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. मुले शाळेतून संतांविषयी पुष्कळ ऐकून येतात. चोखोबा थोर भक्त होते, हे त्यांना ठाऊक असते. त्यांची समाधी पंढरपूरच्या मंदिराबाहेर, नामदेव पायरीपाशी का आहे, हे विचारले की वर्ग गप्प होतो. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून ते दगावले. म्हणजे मेले ते राबताना. आणि अस्पृश्यांसाठी ते मंदिर उघडले १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. भक्ती शिकवली, पण तिच्या आड उभी असलेली पायरी शिकवली नाही. असे शिक्षण अर्धवट तर असतेच, शिवाय ते विषमतेला साजरे रूप देते.

येथे आपल्याही चळवळीला एक प्रश्न विचारला पाहिजे. गीतेऐवजी बुद्धवंदना पाठ करून घेतली म्हणजे परिवर्तन झाले काय? कालामांना परंपरा म्हणून, ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका असे सांगणाऱ्या बुद्धाचे पाठांतर होत असेल, तर तो बुद्धाचाच पराभव आहे. विहारात आपण श्रद्धेने त्रिशरण-पंचशील म्हणू. तो आपला हक्क आहे. वर्गात मात्र बुद्ध, येशू, पैगंबर, बसवण्णा, नानक, आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहिणारे जोतीराव, सर्वांना एकच कसोटी लागली पाहिजे. कसोटी स्वतःला लावण्याची तयारी नसेल, तर दुसऱ्याच्या ग्रंथावर बोट ठेवण्याचा नैतिक अधिकार आपल्याला राहणार नाही.

ती कसोटी मी तीन प्रश्नांत मांडतो. हा ग्रंथ कोणी, कोणासाठी रचला, हे मुलाला विचारता येते काय? त्याने कोणाला बाहेर ठेवले, हे पाठ्यपुस्तक सांगते काय? आणि उत्तरपत्रिकेत सकारण असहमती लिहिणाऱ्या मुलीला पूर्ण गुण मिळतात काय? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण आपल्या शिक्षणव्यवस्थेत मूल्य कोणते हे शेवटी गुणच ठरवतात.

आराखडे येतच राहतील. मसुद्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा निषेधाच्या पत्रकाबरोबरच पर्यायी पाठही गेला पाहिजे. माध्यमिक शाळांत शिकवणारे आपले कितीतरी मित्र आहेत. त्यांनी महाडवर एक, चोखोबांवर एक, कालामांवर एक असे पाठ लिहावेत, वर्गात घेऊन पाहावेत, आणि मुलांनी कोणते प्रश्न विचारले ते या नियतकालिकाकडे पाठवावेत. मुलांच्या त्या प्रश्नांतूनच आपला अभ्यासक्रम घडेल.