गयाशीर्षावरची आग

बुद्धांच्या शिकवणीचा विषय निघाला की सारनाथचं पहिलं प्रवचन आधी आठवतं. मध्यम मार्ग, चार आर्यसत्यं, अष्टांगिक मार्ग अशी तिथली मांडणी पायरीपायरीने येते. तिचं मोल मान्य करूनही मला अधिक ओढ आहे ती तिसऱ्या प्रवचनाची, म्हणजे आदित्तपरियाय सुत्ताची. संयुत्तनिकाय या सुत्तसंग्रहात ते अगदी छोटं आहे. विनय या संघनियमांच्या ग्रंथातल्या महावग्गात मात्र त्याआधी एक लांबलचक कथा येते, आणि ती वगळली तर प्रवचनाची अर्धी गोडी हातची जाते.

उरुवेला परिसरात, नेरंजरा नदीच्या काठी तीन कस्सप भाऊ राहत. जटाधारी, अग्नीचे उपासक. थोरल्याचे ५०० शिष्य, मधल्याचे ३००, धाकट्याचे २००. थोरल्याच्या अग्निशाळेत बुद्ध एक रात्र मुक्काम मागतात, आत जहाल नाग आहे असं बजावूनही. मग चमत्कारांची रांगच लागते. प्रत्येक चमत्कारानंतर हा थोरला, उरुवेल कस्सप, मनाशी म्हणतो की श्रमण सामर्थ्यवान आहे खरा, पण माझ्यासारखा अर्हत नाही! हे पालुपद इतक्यांदा येतं की हसू आवरत नाही. कथाकाराची खरी करामत मला चमत्कारांपेक्षा या मिश्कीलपणात दिसते. सांचीच्या पूर्व तोरणावर शिल्पकारांनी ती अग्निशाळा नागासकट कोरली आहे. अखेर थोरल्याचा ताठा उतरतो. जटा आणि अग्निहोत्राचं सामान नदीत सोडलं जातं. ते वाहत येताना पाहून खालच्या अंगाला राहणारे भाऊ धास्तावून धावत येतात आणि तेही दीक्षा घेतात.

आता गयाशीर्ष टेकडीवर हजार माजी अग्निपूजक बसले आहेत. त्यांच्याशी बोलायचं कशावर? बुद्ध आगीवरच बोलतात. सगळं पेटलेलं आहे, या विधानानेच सुरुवात होते. जन्मभर समिधा घालून जी जपली, तीच आग श्रोत्यांना स्वतःच्या डोळ्यांत दाखवली जाते. डोळा जळतो आहे, दिसणारं रूप जळतं आहे, पाहण्याची जाणीव जळते आहे, त्यांचा स्पर्श जळतो आहे. आग कसली, तर राग म्हणजे आसक्ती, द्वेष आणि मोह यांची. वैदिक गृहस्थ तीन अग्नी सांभाळी. या तीन आगी त्यांच्याशी जोड साधून आल्या, असं अभ्यासक रिचर्ड गॉम्ब्रिच मांडतात. मला ते पटतं.

या साखळीतली शेवटची कडी, वेदना म्हणजे अनुभूती, सर्वांत धारदार आहे. दुःखाची वेदना जळते, हे कुणीही मान्य करील. सुखाचीही जळते, हे थोडा विचार केला की कळतं. पण जिथे सुखही नाही आणि दुःखही नाही, त्या कोमट जाणिवेलाही इथे ज्वाळा लागलेल्या आहेत. आपला बहुतेक दिवस त्या कोमटपणातच जातो, म्हणून ही कडी बोचते.

मग कान, नाक, जीभ, शरीर आणि मन. प्रत्येकाला तीच साखळी, तेच शब्द. छापील आवृत्त्या अशा जागी ‘पे’ एवढं अक्षर टाकून पुढे सरकतात. वाचकाने मात्र सरकू नये. विलंबित ख्यालात गायक त्याच समेवर पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी सम अधिक वजनदार होते, तसं इथे होतं. सहाव्या फेरीला मन येतं तेव्हा लक्षात येतं की त्याला नाक-जिभेहून वेगळं आसन दिलेलंच नाही. या आगीबाहेर बसून पाहणारा कुणी आत्माही यादीत नाही. अनात्मवादावर वाद न घालता तो असा सहज गळी उतरवलेला आहे.

एवढी आग पेटवल्यावर कुणीही पुढे पाण्याची भाषा केली असती. इथे पाण्याचा उल्लेखही नाही. हे पाहणाऱ्याला डोळ्याचा, रूपाचा, वेदनेचा वीट येतो. विटातून विराग, विरागातून सुटका. इतकंच. ही काटकसर मला फार मोठी वाटते.

प्रवचन चालू असतानाच हजारही जण मुक्त झाले, असं महावग्ग कोरडेपणाने नोंदवतो आणि मंडळी राजगृहाला निघतात. तिथे राजा बिंबिसारासोबत आलेल्या लोकांना कोडं पडतं की यांत गुरू कोण, गौतम की कस्सप. बुद्ध स्वतः काहीच सांगत नाहीत. अग्नी का सोडलास, एवढंच ते भर सभेत कस्सपाला विचारतात. तो म्हणतो, यज्ञ ज्यांचं आमिष दाखवतात ती रूपं, ते शब्द, ते रस, त्या स्त्रिया, सगळा मळच आहे हे कळलं, मग यजनात आणि होमात मन रमेना. आणि बुद्धांच्या पायांवर डोकं ठेवतो.