एक कोयता म्हणजे किती माणसं?

सुऱ्यांचे व्हिडिओ बघायला मलाही आवडतात. त्यात नुसती चकाकी नसते, डोकंही असतं. जपानी यानागिबाला एकाच बाजूने धार लावतात, त्यामुळे कच्च्या माशाचा काप गुळगुळीत निघतो. पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतरत गेलेलं पातळ पातं भाजीत अलगद शिरतं. दोन्ही अंगांनी खोलगट घासलेल्या पात्याची धार फार बारीक होते, पण हाडावर बसली की तिला दाते पडतात. फुगीर अंगाचं पातं लाकूड फाकवत जातं आणि दणका सोसतं. आकार कामातून येतो, म्हणून तो देखणा वाटतो.

हाच निकष किल्लारीच्या शिवाराला लावून बघू. इथे सोयाबीन भरपूर. वाळलेल्या झाडाला हिसका बसला की शेंगा फुटतात आणि दाणे मातीत जातात. दातेरी विळा घाव घालत नाही, तो ओढत कापतो. करवतीसारखे बारीक दाते खोडाला धरून ठेवतात, हिसका कमी बसतो. विळ्याची वक्र रेषा मुठीत धरलेली झाडं धारेकडे गोळा करते. या डिझाइनला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण.

आता ऊसतोडीचा कोयता घ्या. पातं रुंद, वजन पुढे, म्हणजे घावाला जोर मिळतो. धार फार पातळ ठेवून चालत नाही, कारण ऊस जमिनीलगत तोडावा लागतो आणि माती-खडे लागतात. जमिनीलगतच का? बुडख्यात साखर जास्त असते आणि खोडवाही चांगला फुटतो. त्याच कोयत्याने वाढं छाटायचं, पाचट काढायचं. एका पात्यात इतकी कामं बसवणं सोपं नाही.

पण मूठ आखूड आहे. घाव जमिनीलगत आणि मूठ आखूड, तर मधलं अंतर कोण भरून काढतं? कंबर. प्रत्येक घावाला वाकायचं, मग मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची. पात्याने उसाचा विचार केला, कारखान्याचा केला, खोडव्याचा केला. ज्याच्या हातात ते आहे त्याचा विचार मात्र त्या आकारात दिसत नाही.

भाषेने हे आधीच सांगून ठेवलंय. मराठवाड्यात ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, एकट्याला ‘अर्धा कोयता’. मुकादमाकडून मिळणारी उचल कोयत्यावर ठरते. दोन माणसं आणि हिशेबात एक अवजार. त्यात बाईचं वेगळं नावही उरत नाही.

म्हणून पात्यावर संपणारं परीक्षण मला अर्धवट वाटतं. सुरी टोमॅटो किती पातळ कापते हे जरूर बघावं. कोयत्याबद्दल विचारायचा प्रश्न निराळा आहे: दिवसभर चालवल्यावर संध्याकाळी माणूस सरळ उभा राहू शकतो का? या परीक्षेत आपला कोयता नापास आहे, त्याची धार कितीही चांगली असली तरी.