‘सांता’ आणि ‘माणूस’ : साम्याचा निकष

आरंभीच्या स्पॅनिश प्रणयप्रधान मेलोड्रामाशी साम्य असणारे मराठी बोलपट शोधताना ‘पतिता’ हा विषय निकष मानला, तर मेक्सिकन ‘सांता’शेजारी (१९३२) शांतारामांचा ‘माणूस’ (१९३९) सहज ठेवता येतो. दोन्हींत वेश्या आहे, तिच्यावर निष्ठेने प्रेम करणारा पुरुष आहे, मीलन नाही. परंतु विषयसाम्यामागील कथनाचा न्याय वेगळा आहे. फेदेरिको गांबोआच्या १९०३ मधील कादंबरीवर आधारलेल्या ‘सांता’त सैनिकाने फसविलेल्या खेड्यातील मुलीच्या पतनाचे प्रायश्चित्त आजार आणि मृत्यू यांतूनच होते, अंध पियानोवादक हिपोलितोची निष्ठा तिला वाचवू शकत नाही. ‘माणूस’मधील मैना मरत नाही. पोलीस शिपाई गणपतच्या भाविक आईसमोरून ती स्वतःच मागे फिरते. पुढे मामाचा खून हातून घडल्यावर गणपतने देऊ केलेली सुटकाही नाकारते. गाण्यांतही हा भेद उमटतो. आगुस्तीन लाराचे गीत सांताला उद्देशून आहे. मैना आपले बहुभाषिक गाणे गिऱ्हाइकांपुढे स्वतः गाते. ‘माणूस’ हे ‘देवदास’ला दिलेले उत्तर मानले जाते. ते मान्य केले, तरी गणपत कर्तव्याकडे परततो तेव्हा तुरुंगात मैनाच असते, हे नजरेआड करता येत नाही.