प्रयोगशाळेतील हृदयाचे ‘वार्धक्य’ : एक शब्दचिकित्सा

हृदयाच्या वार्धक्यावर पीएच.डी.साठी होणाऱ्या संशोधनात प्राण्यांच्या हृदयाबरोबर आता प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी हृदय-ऊतीचाही उपयोग होऊ लागला आहे. अशा प्रबंधांतील जीवशास्त्र तपासणे हे भाषाशास्त्राच्या अध्यापकाचे काम नव्हे. परंतु प्रबंधाचा सिद्धान्त ज्या शब्दावर उभारलेला असतो, तो शब्द तपासणे हे त्याचे काम खचितच आहे. या संशोधनाचा सारा भार ‘वार्धक्य’ या एका शब्दावर पडलेला आहे आणि तो त्या शब्दाला पेलत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ही ऊती कशी सिद्ध होते ते प्रथम पाहू. क्योतो येथील शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या व २००७ साली मानवाच्या प्रौढ पेशी चार जनुकांच्या साहाय्याने भ्रूणावस्थेसारख्या स्थितीत परत नेऊन दाखविल्या. त्वचेची वा रक्ताची पेशी घ्यावयाची, तिला अशी मागे न्यावयाची, मग हृदयपेशी होण्याकडे वळवावयाची आणि मऊ द्रव्यात घालून दोन लवचीक खांबांमध्ये ताणून ठेवावयाची. काही दिवसांत तो चिमुकला पट्टा आपण होऊन धडधडू लागतो. मात्र या परत नेण्याच्या क्रियेत पेशीवरील वयाच्या बहुतेक खुणाही पुसल्या जातात. दाता ऐंशी वर्षांचा असला तरी त्याच्या पेशीपासून होणारी हृदयपेशी गर्भातील पेशीसारखी लहान, विस्कळित तंतूंची आणि मेदाम्लांऐवजी मुख्यतः साखरेवर चालणारी असते. अभ्यास वार्धक्याचा आणि आरंभ गर्भापासून, अशी ही विलक्षण अडचण आहे.

संशोधक या अडचणीतून दोन वाटांनी बाहेर पडू पाहतात. पहिली वाट पेशीला ‘पक्व’ करण्याची. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील गॉर्डाना वुन्याक-नोवाकोविच यांच्या गटाने २०१८ साली प्रसिद्ध केलेले काम या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ऊती अगदी कोवळी असतानाच त्यांनी तिला विजेच्या स्पंदांनी धडधडावयास लावले आणि स्पंदांची गती मिनिटाला १२० पासून ३६० पर्यंत क्रमाक्रमाने चढवीत नेली. चार आठवड्यांत पेशींची रचना व जनुकांचे वर्तन बरेचसे प्रौढ हृदयासारखे झाले; विद्युत्-यांत्रिक गुण मात्र मागे राहिले. हे काम निःसंशय उत्तम आहे. तथापि त्याने सिद्ध होते ती प्रौढता.

दुसरी वाट इजेची. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील औषध हृदयास अपायकारक आहे हे सर्वश्रुत आहे. ते अल्प प्रमाणात देऊन, किंवा ज्या दुर्मीळ विकारात मुले अकाली म्हातारी दिसू लागतात त्यातील प्रोजेरिन हे प्रथिन पेशीत निर्माण करून, पेशी ‘वृद्ध’ केली जाते. येथे माझा आक्षेप अधिक तीव्र आहे. विषाने शिणलेली पेशी आणि वर्षांनी शिणलेली पेशी यांच्या काही खुणा समान असतील. पण लक्षणांच्या साम्यावरून कारणांची एकता मानणे हा तर्कदोष होय.

आपली भाषा या बाबतीत इतकी गाफील नाही. भाजीबाजारात आपण कोवळी भेंडी, जून भेंडी आणि सुकलेली भेंडी यांत कधी घोटाळा करीत नाही. संस्कृताकडे पाहिले तर ‘वृद्ध’ हा शब्द ‘वृध्’ म्हणजे वाढणे या धातूपासून आला आहे, तर ‘जरा’ व ‘जीर्ण’ हे शब्द ‘जॄ’ म्हणजे झिजणे या धातूपासून. हृदयाच्या वार्धक्यात या दोन्ही क्रिया एकत्र चालतात. पेशींची संख्या घटते, उरलेल्या पेशी आकाराने वाढतात. डाव्या जवनिकेची भिंत जाड होते, तंतुमय ऊती साचते, आणि ठोक्यानंतर हृदय सैल पडण्यास अधिक वेळ घेते. शिवाय ताठरलेल्या धमन्यांविरुद्ध त्याला वर्षानुवर्षे रक्त ढकलावे लागते. ताटलीतल्या पट्टीला धमन्याच नाहीत! तेव्हा तिच्यात होते ती जीर्णता. वार्धक्याचा तो एक अंश.

आणि हे ‘वर्षानुवर्षे’ अक्षरशः घ्यावयाचे आहे. अणुचाचण्यांमुळे वातावरणात मिसळलेल्या कार्बन-१४ चा माग घेऊन स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २००९ साली दाखविले की, पंचविशीत हृदयाच्या स्नायुपेशींपैकी वर्षाला सुमारे एक टक्काच नव्या होतात, आणि पंचाहत्तरीत हे प्रमाण ०.४५ टक्क्यांवर येते. म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या हृदयातील निम्म्याहून अधिक स्नायुपेशी जन्मापासून त्याच्याबरोबर आलेल्या असतात. प्रबंधाची मुदत चार-पाच वर्षांची आणि ऊतीचे आयुष्य काही आठवड्यांचे. संशोधकाने वेळ वाचविण्याचा मार्ग शोधला यात वावगे काहीच नाही. पण ज्या विषयाचा गाभाच काळ हा आहे, तेथे काळाऐवजी दुसरे काय घेतले हे शीर्षकातच सांगितले पाहिजे.

शब्दाच्या मोहाने या क्षेत्रात पूर्वीही घात केला आहे. अलेक्सी कॅरेल यांनी १९१२ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाचा तुकडा वाढविण्यास घेतला, आणि ते संवर्धन १९४६ पर्यंत चालू ठेवले गेले. ‘अमर हृदय’ म्हणून त्याची ख्याती झाली. वस्तुतः त्यात धडधडणारे हृदय फार काळ उरलेच नव्हते. वाढत होत्या त्या संयोजी ऊतीच्या पेशी. १९६१ साली हेफ्लिक व मूरहेड यांनी मानवी पेशींच्या विभाजनास मर्यादा असते हे दाखवीपर्यंत त्या विशेषणाने एका पिढीचा समज बिघडविला.

‘हृदय’ या शब्दापुरता प्रश्न सोडविण्यास पाणिनीने प्रत्यय देऊन ठेवला आहे. किंचित अपूर्णता दाखविण्यासाठी त्याने ‘कल्प’ प्रत्यय सांगितला. ‘मृतकल्प’ म्हणजे मेल्यात जमा, पण मेलेला नव्हे. ‘ऑर्गनॉइड’ला मराठीत ‘इंद्रियकल्प’ आणि या ऊतीला ‘हृदयकल्प’ म्हटले तर उणीव नावातच नोंदली जाईल. ‘वार्धक्या’च्या जागी ‘प्रेरित जीर्णता’ लिहावे.

हा केवळ परिभाषेचा वाद नव्हे. हृदयविफलतेचे रुग्ण बहुतांशी वृद्ध असतात, आणि त्यांच्यासाठीची औषधे या पट्ट्यांवर पारखली जाऊ लागली आहेत. इजा झालेल्या तरुण ऊतीस जे मानवले ते सत्तरीच्या हृदयास मानवेल, ही समजूत शब्दामुळे बळावते. त्यावर उपाय आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या, निरनिराळ्या वयांच्या रुग्णांच्या हृदय-ऊतीचे पातळ काप काही दिवस जिवंत ठेवता येतात. हृदयकल्पावर मिळालेला प्रत्येक निष्कर्ष अशा कापांशी ताडून पाहावा, आणि कोणती खूण जुळली व कोणती जुळली नाही याचे स्वतंत्र प्रकरण प्रबंधात असावे.