प्रोग्रॅम लेखनाकडून वाचनाकडे : 'लर्न एआय-असिस्टेड पायथन प्रोग्रॅमिंग' या ग्रंथाची चिकित्सा

प्रस्तावना :

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला प्रोग्रॅम लिहिता येणे हाच त्याच्या आकलनाचा पुरावा मानण्याची प्रथा आहे. जनरेटिव्ह एआयमुळे हा पुरावाच संशयास्पद ठरला आहे. ऑकलंड विद्यापीठाच्या प्रारंभिक अभ्यासक्रमातील परीक्षांचे प्रश्न 'कोडेक्स' या प्रणालीला दिले असता तिचे गुण वर्गातील वरच्या चतुर्थांशात बसले, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. या पार्श्वभूमीवर सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील लिओ पोर्टर व टोरोंटो विद्यापीठातील डॅनियल झिंगारो यांचा प्रस्तुत ग्रंथ २०२३ मध्ये प्रकाशित झाला. दुसरी आवृत्ती २०२४ मध्ये निघाली. बंदी घालावी की परवानगी द्यावी या वादापेक्षा आता नेमके काय शिकवावे, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला, हे या ग्रंथाचे महत्त्व होय.

ग्रंथाची भूमिका :

पारंपरिक पाठ्यपुस्तकात व्याकरणाला, म्हणजे सिंटॅक्सला, जे स्थान असते ते येथे जाणीवपूर्वक कमी केलेले आहे. विद्यार्थी आरंभापासूनच 'कोपायलट' हा सहाय्यक वापरतो; अपेक्षित कार्य तो इंग्रजी वाक्यांत मांडतो आणि पायथनमधील संहिता सहाय्यक पुरवितो. संहिता वाचणे, तपासणे, तिच्यातील चूक शोधणे आणि मोठ्या समस्येचे लहान फंक्शन्समध्ये विघटन करणे ही कौशल्ये विद्यार्थ्याकडे राहतात. यांपैकी विघटनाचे प्रकरण ग्रंथातील सर्वांत समर्थ प्रकरण म्हणावे लागेल. लेखनशैलीच्या खुणांवरून अज्ञात पुस्तकाचा लेखक ओळखण्याची समस्या पायरीपायरीने कशी फोडावी, हे तेथे सविस्तर दाखविले आहे. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत हा भाग क्वचितच इतक्या आस्थेने हाताळला जातो.

चिकित्सा :

ग्रंथाचा सारा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे : लिहिण्यापेक्षा वाचणे सोपे असते आणि ते स्वतंत्रपणे शिकविता येते. येथे डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांच्या १९८५ मधील निबंधाचे स्मरण होते. एका गटाने तयार केलेला कंपायलर दुसऱ्या गटाकडे विस्तारासाठी गेला. सोबत संपूर्ण संहिता, दस्तऐवज आणि सल्लाही होता. तरीही दुसऱ्या गटाने सुचविलेल्या काही बदलांत मूळ रचनेची शक्तीच नष्ट होत होती, आणि ते मूळ गटाला तत्काळ जाणवले. प्रोग्रॅमचा सिद्धान्त तो घडविणाऱ्याच्या मनात असतो, संहितेत तो पूर्णपणे उतरत नाही, अशी नाउर यांची मांडणी आहे. नवशिक्याचे वीस ओळींचे फंक्शन म्हणजे कंपायलर नव्हे, हे खरे. परंतु जो कधीच घडविणारा नव्हता, त्याच्या मनात हा सिद्धान्त कसा तयार होणार, याचे उत्तर ग्रंथात मिळत नाही.

आरंभीचेच उदाहरण पाहावे. अमेरिकन फुटबॉलच्या आकडेवारीतून एका खेळाडूच्या पासिंगच्या यार्डांची बेरीज सहाय्यकाकडून करून घेतली आहे. ज्याने हा खेळ कधी पाहिलेला नाही, त्या विद्यार्थ्याला आलेले उत्तर पटण्यासारखे आहे की नाही हे ठरविता येत नाही. तपासणी हे कौशल्य विषयज्ञानावाचून पांगळे ठरते, हे ग्रंथ नकळत सिद्ध करतो.

भाषेचा प्रश्न याहून गंभीर आहे. पायथनमध्ये राखीव शब्द अवघे ३५. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी ते आत्मसात करून इतरांच्या बरोबरीने उभा राहू शकत असे. आता त्याच्याकडून काटेकोर इंग्रजी गद्याची अपेक्षा होते. सहाय्यकाला मराठीही कळते. मात्र ग्रंथातील नमुने इंग्रजीच आहेत आणि समस्या मराठीत नेमकेपणाने मांडण्याचा सराव आपला अभ्यासक्रमही देत नाही. प्राथर व सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये २१ नवशिक्यांच्या दृष्टीच्या हालचाली टिपून केलेल्या अभ्यासात असे आढळले की, कुशल विद्यार्थ्यांना सहाय्यकाने वेग दिला, अडखळणाऱ्यांना मात्र न आलेलेही आले असा भ्रम दिला. लेखकद्वय ज्याला सर्वांसाठी खुले झालेले दार समजते, त्याचा उंबरठा सर्वांसाठी सारखा नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेचा संदर्भ :

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत हा ग्रंथ जसाच्या तसा लागू करणे शक्य नाही, पण त्याने उपस्थित केलेला प्रश्न टाळताही येणार नाही. ठरलेल्या स्लिपा, जर्नलमध्ये उतरविलेले प्रोग्रॅम आणि अखेरीस दोन-तीन प्रश्नांची तोंडी परीक्षा ही पद्धत जनरेटिव्ह एआयच्या आधीपासूनच पाठांतरावर चालत आली. मागील वर्षीची जर्नले काय कमी उपयोगी पडत होती? तरीही तोंडी परीक्षेत एक शक्यता दडलेली आहे. विद्यार्थ्याच्या चालत्या प्रोग्रॅममधील एक अट बहिःस्थ परीक्षकाने समोरच बदलावी आणि आता उत्तर काय येईल, हे प्रोग्रॅम न चालविता विचारावे. यासाठी नवे सॉफ्टवेअर नको. प्रत्येक विद्यार्थ्यामागे दहा मिनिटे हवीत, आणि ती सध्याच्या वेळापत्रकात नाहीत.